ढोरांच्या दवाखान्यात मांजर

मोबाईलवर ‘मालेगाव’ आणि पुढे ‘मांजराचा डॉक्टर’ असं टाकलं, तर पडद्यावर नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव येण्याचीच शक्यता जास्त. आपलं मालेगाव जहांगीर, वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्या यादीत कुठेतरी खाली असतं. नागपूरहून कारंजा, मेहकर करत संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग आणि अकोल्याहून पातूर, मेडशीमार्गे वाशीम-हिंगोलीकडे उतरणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. रस्ते भेटतात तिथे हॉटेलं येतात, मटण-कोंबडीची दुकानं येतात, सोयाबीन-तुरीची गोदामं येतात. गोदामं आली की उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजरं आली. यातली बरीचशी कुणाचीच नाहीत. कुणाच्या छपरावर झोपतात, कुणाच्या न्हाणीजवळ पाणी पितात, आणि हात पुढे केला की फिस्कारून भिंतीपलीकडे जातात.

अशा मांजराला मोटारसायकलने उडवलं, किंवा त्याचे डोळे चिकटले, तोंडातून लाळ गळू लागली, तर शेजारच्या माणसाने काय करावं? या प्रश्नावर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी लिहिलेलं असतं. संस्थेला फोन करा, रुग्णवाहिका येईल, अशा सुरात. मुंबईला ते म्हणणं सोपं आहे, कारण तिथे या कामाला पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्यावरून मुंबईत पारशी समाजाने दंगल केली, त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय निघालं, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय. एवढा वारसा मालेगावकडे नाही. म्हणून इथल्या माणसासाठी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो: हाताशी जे आहे त्यातून काय जमतं?

हाताशी आहे तो ढोरांचा दवाखाना. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पशुधन विकास अधिकारी असतात, आणि त्यांचा दिवस गायींचं कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, पोटफुगी, अडलेली म्हैस यात जातो. तिथे कुणी खोक्यात मांजर घेऊन गेलं की रांगेतला शेतकरी हसतो. ‘काहून येवढी दगदग करून राहिले भाऊ? मांजर हाये ते, चाटून चाटून बरं होते.’ हसण्याने बिथरून परत फिरणारे बरेच. पण डॉक्टर पदवीधर पशुवैद्यक असतो, आणि त्या पदवीत मांजर-कुत्रंही शिकवलेलं असतं. दवाखान्यातलं सलाईन मांजरालाही चालतं, बरीचशी प्रतिजैविकं तीच, खरजेवरचं इंजेक्शनही तेच. फरक पडतो मापाचा. म्हशीसाठी वीस मिलीची सिरिंज भरणाऱ्या हाताला तीन किलोच्या जिवासाठी मिलीचा दहावा हिस्सा मोजायचा असतो. त्यामुळे जाताना दोन गोष्टी सोबत नेल्या तर डॉक्टरचं काम निम्मं होतं. एक इन्सुलिनची सिरिंज, जी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. दुसरं म्हणजे मांजराचं वजन. किराणा दुकानातल्या काट्यावर खोक्यासकट मांजर ठेवायचं, मग रिकामं खोकं वजा करायचं. गल्लीतलं मोठं मांजर अडीच ते चार किलो भरतं. बोका जरा जास्त.

जनावरांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फिरतं पशुवैद्यकीय पथक दारात यावं, ही त्यामागची कल्पना. ही सेवा मुळात दुभत्या आणि कामाच्या जनावरांसाठी आहे, तेव्हा मांजरासाठी गाडी येईल अशी आशा धरून बसू नये. मात्र जवळचा डॉक्टर आज कुठे आहे, हे विचारायला तो क्रमांक उपयोगी पडतो. हाड मोडलं असेल, पोट फाटलं असेल, तर मात्र वीसेक किलोमीटरवरचं वाशीम किंवा साठेक किलोमीटरवरचं अकोला गाठावं लागतं. अकोल्याला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे विद्यार्थी शिकतात, म्हणजे शिकवण्यासाठी रुग्ण लागतात. मालेगावचं मांजर तिथे ओझं ठरत नाही, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

आता खरी अडचण. डॉक्टर नाही, पैसे नाहीत, ही रडगाणी आपण नेहमी ऐकतो. माझं मत असं की मालेगावसारख्या गावात मांजर मरतं ते बहुधा या दोन्हींच्या आधी, पकडण्याच्या टप्प्यावर. माणूस दया येऊन धावतो, मांजर घाबरून पळतं, मोडक्या पायाने भिंत चढू पाहतं, आणि जिथे कुणाचाच हात पोचत नाही अशा पत्र्याखाली जाऊन पडतं. दोन दिवसांनी वासाने कळतं. पाठलाग केला नसता तर ते संध्याकाळी खायला आलंच असतं.

म्हणून मांजर पकडायची तयारी ते आजारी पडण्याआधी करावी लागते, आणि तयारी म्हणजे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी थोडं खायला ठेवणं. खायला घालण्याने मांजरं माजतात, वाढतात, अशी तक्रार असते, तिच्याकडे पुढे येतोच. पण वेळेवर खायला घालणाऱ्याला एक गोष्ट कळते जी इतर कुणाला कळत नाही: आज कोण आलं नाही. मांजर आजार लपवण्यात तरबेज असतं. कण्हत नाही, लंगडतानाही मान ताठ ठेवतं. अन्नावर न येणं हीच त्याची पहिली तक्रार. आणि उलट खूण त्याहून वाईट. जे मांजर कधीच हाताला लागत नव्हतं ते एका सकाळी तुम्हाला उचलू देत असेल, तर ते माणसाळलं असं समजू नका. त्याच्यात पळायचं बळ उरलेलं नाही.

पकडायला महागडा पिंजरा हवाच असं नाही. शहरात मिळतात ते जाळीचे सापळे गावातला वेल्डिंगवाला दिवसभरात बनवून देतो. लांबट चौकोनी चौकट, बारीक जाळी, आत पाय ठेवायची पट्टी आणि वरून घसरणारं दार, एवढंच यंत्र. जाळीची भोकं मोठी ठेवली तर मांजर नाक घुसवून रक्तबंबाळ करून घेतं, हे त्याला आधी सांगावं. ते नसेल तर बाजारात टमाटे येतात ते दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधायचे, किंवा कोंबड्यांचं खुराडं घ्यायचं. टोपली काडीवर टेकवून काडीला दोरी बांधायची युक्ती गावातल्या प्रत्येक पोराला येते, चिमण्या धरण्यासाठी शिकलेली. तीच इथे चालते, फक्त टोपलीवर विटेचं वजन हवं. सापळ्यात सुकट किंवा भाजलेला बोंबील ठेवला तर वास लांब जातो. मांजर आत गेलं की लगेच वरून जाड चादर टाकायची. अंधार झाला की मांजर शांत होतं, ही यातली सगळ्यात मोलाची माहिती. मालेगावच्या उन्हात तो खोका गाडीच्या टाकीवर ठेवू नये, आणि बारदानात बांधून तर मुळीच नेऊ नये. पोत्यात मांजराचा जीव गुदमरूनच जातो.

बेशुद्ध पडलेलं, रस्त्यावर आडवं झालेलं मांजर असेल तर सापळा लागत नाही, टॉवेल लागतो. मागच्या बाजूने जाऊन पूर्ण अंग झाकायचं, डोकंही, आणि पाठीचा कणा वाकणार नाही अशा बेताने पुठ्ठ्यावर सरकवून खोक्यात ठेवायचं. मांजराला धक्का बसला की त्याचं अंग थंड पडतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा अंमळ जास्त. तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर एक मिनिट दवडू नये, कारण मांजर सहसा तोंडाने श्वास घेत नाही. एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हात असं दिसलं तर उष्माघात समजून साध्या पाण्याने अंग भिजवावं, पंख्याखाली ठेवावं. बर्फ नको.

सगळ्यात जास्त जीव जातात ते घरगुती औषधांनी. यावर थोडं थांबावं लागेल, कारण इथे चूक चांगल्या हेतूने होते. मांजर कण्हतंय, अंग गरम लागतंय, म्हणून कुणी क्रोसिनची अर्धी गोळी दुधात विरघळवतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाच्या यकृतात हे औषध निकामी करण्याची जी रासायनिक सोय असते ती मांजरात फारच तोकडी आहे. परिणामी रक्त प्राणवायू वाहून नेण्याचं काम सोडतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरालाही पुरते. आयबुप्रोफेनचंही तसंच. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर सोडतात त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. फिनाइल आणि तशा उग्र जंतुनाशकांनी जखम धुवू नये, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. ढोरांच्या जखमेत अळ्या झाल्या की आपल्याकडे टर्पेंटाईनचा बोळा कोंबतात. बैल ते सोसतो. मांजर नाही. पावसाळ्यात माशी जखमेवर बसली की दिवसभरात अळ्या वळवळू लागतात, आणि त्या चिमट्याने काढून मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवून डॉक्टरकडे नेणं एवढंच घरी करण्याजोगं आहे. हळद लावायची हौस असेल तर लावा, फार बिघडत नाही. पण खोल जखमेवर हळदीचा थर देऊन ती बंद केली तर आत पू साचतो.

विषबाधा इथे विशेष समजून घ्यायला हवी, कारण मालेगाव हे फवारणीचं गाव आहे. खरिपात सोयाबीनवर, पुढे हिवाळ्यात तुरीवर, आणि गोदामात बाराही महिने उंदरांचं औषध. काळ्या पावडरीचं झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळालं की फॉस्फिन वायू तयार होतो. घरोघरी विषावर उतारा म्हणून दूध-तूप पाजतात, आणि इथे तेच घातक, कारण अन्न आणि स्निग्ध पदार्थांनी विष अधिक भिनतं. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणंही मांजराला झेपत नाही. दुसऱ्या जातीचं उंदीरमारक, ब्रोमाडिओलोनसारखं, लगेच काही करत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, मांजर पांढरं पडतं. वेळेत कळलं तर जीवनसत्त्व के-वन तीन-चार आठवडे देऊन वाचवता येतं. शेतातल्या कीटकनाशकाने लाळ, थरथर आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात, आणि त्यावरचं अॅट्रोपिन ढोरांच्या दवाखान्यात हमखास असतं, कारण बैलांनाही तीच बाधा होते. डॉक्टरला डबा किंवा निदान त्यावरच्या लेबलाचा फोटो दाखवावा. ‘काहीतरी खाल्लंय’ यावरून कुणालाच उपचार ठरवता येत नाही.

बाकीचे आजार थोडक्यात. पिल्लांचे डोळे पिवळ्या स्रावाने चिकटतात आणि शिंका येतात ती बहुधा विषाणूजन्य सर्दी. ओल्या कापसाने डोळे पुसणं आणि डॉक्टरने दिलेला मलम, यावर पुष्कळ पिल्लं सावरतात. कान आणि तोंडावर राखाडी खपल्या चढतात ती खरूज. दिसायला भीषण, बरी व्हायला सोपी. बोक्यांच्या मारामारीनंतर गालावर किंवा शेपटीच्या बुडाशी गळू होतं, ते फुटून आपोआप वाहून गेलं तर मांजर दुसऱ्या दिवशी उंडारतं. उलट्या, जुलाब आणि पाण्याच्या वाडग्यावर तोंड टेकवून नुसतं बसणं, हे पिल्लांत दिसलं तर पॅनल्युकोपेनिया असू शकतो. त्यात फार पिल्लं मरतात, आणि जागा फिनाइलने पुसून तो विषाणू हटत नाही, पातळ केलेलं ब्लिचिंग लागतं. बोका वारंवार लघवीला बसून थेंबही होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. एक-दोन दिवसांत तो जातो. हे लक्षण लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट यात शिरली आहे. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच एच-फाइव्ह-एन-वन विषाणू सापडला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यातच, कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावात हजारो कोंबड्या मेल्या आणि चाचणीत बर्ड फ्लूच निघाला. मार्जारकुळ या विषाणूला लवकर बळी पडतं. तेव्हा कोंबडीच्या दुकानातले कच्चे तुकडे मांजरांना टाकणं बंद करावं, शिजवून द्यावेत. एकाच गल्लीत दोन-तीन मांजरं एकदम लडखडू लागली, आंधळ्यासारखी भिंतीवर आपटू लागली, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

पिल्लांच्या बाबतीत मदतीचा उत्साहच नडतो. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते निरीक्षण चांगलं आहे: ती जागा बदलत राहते. एक पिल्लू तोंडात धरून नेताना बाकीची दोन-तीन तास उघडी पडतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी त्यांना ‘अनाथ’ म्हणून उचलतं. पिल्लं उबदार आणि गप्प असतील तर दुरून बघत थांबावं. थंडगार आणि सतत ओरडत असतील तर आई आलेली नाही असं धरावं. मग आधी ऊब, नंतर खाणं. थंड पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. गायीच्या दुधाने जुलाब होतात, शिवाय डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं आणि ओल्या कापसाने चोळून लघवी करवावी लागते. हे रात्रंदिवस करणारं माणूस घरात नसेल तर पिल्लू उचलू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

सोयाबीन काढताना, तुरीच्या फडात, ठिपक्यांची किंवा लांब पायांची पिल्लं सापडतात ती गावठी नसू शकतात. अकोला-वाशीमच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य आहे, आणि रानमांजर शेतातच वाढतं. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, तेही महाराष्ट्रात शेताशिवारात आढळतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. काढणी तेवढ्या कोपऱ्यात थांबवली की आई बहुधा रात्री पिल्लं नेते. नाही नेली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक.

मदत करणाऱ्याचीही काळजी हवी, आणि ती आपल्याकडे शून्य असते. मांजराचे दात सुईसारखे. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण आत जंतू सांध्यापर्यंत पोचतात, आणि चोवीस तासांत हात सुजू शकतो. चावल्या-ओरखडल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, मिरची-चुना काही लावायचं नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. रेबीज फक्त कुत्र्याचा असतो हा समज अजून आहे. पिसाळलेलं मांजर कोपऱ्यातून झडप घालतं, तोंडावर. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची शी तिने काढू नये. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी तिथून येतो, पण ताज्या विष्ठेतून नाही, त्याला पक्व व्हायला दिवसभर तरी लागतो. म्हणजे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी सफाई केली तर गरोदर बाई आणि मांजर एका घरात सुखाने राहू शकतात. सासूबाईंना मात्र हे सुनेने सांगू नये, डॉक्टरकडून सांगवावं.

कायद्याकडे पाहिलं तर गंमत वाटते आणि रागही येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. जुन्या भारतीय दंड संहितेत दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचं जनावर मारलं तर एक कलम, पन्नास किंवा त्याहून अधिक किमतीचं असेल तर दुसरं. बिनमालकाच्या मांजराची किंमत किती लावायची, हा वकिलाला खेळायला मोकळा प्रश्न होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने किमतीची अट काढून टाकली. कुठलंही जनावर मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गावात याहून जुना कायदा चालत आलाय तो वेगळाच: मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. या धाकाने मांजरं मारली जात नाहीत, पोत्यात घालून दुसऱ्या गावी सोडली जातात. मेडशीच्या रस्त्याला, आठवडी बाजाराच्या मागे, नदीपल्याड. सोडणाऱ्याला पाप लागत नाही, असं त्याला वाटतं. अनोळखी जागेत मांजराला पाणी कुठे, कुत्री कुठे, काही ठाऊक नसतं. त्यातली बरीच तिथे टिकत नाहीत, काही घराकडे परत निघतात आणि महामार्गावर संपतात. आणि रिकाम्या झालेल्या गल्लीत महिन्याभरात नवं मांजर येतं, कारण गोदाम आणि उंदीर तिथेच असतात.

मांजरांच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रात्रीचा आरडाओरडा, दुधाच्या पातेल्याला तोंड, गच्चीवर घाण, खुराड्यातली कोंबडीची पिल्लं गायब. पक्षीअभ्यासकांचा आक्षेप याहून गंभीर आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाने तिथली मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज मांडला. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये वीस लाख मोकाट मांजरं मारण्याचा कार्यक्रमच जाहीर केला. तिथे मांजर बाहेरून आलेलं आहे, आणि तिथल्या छोट्या प्राण्यांना त्याच्यापासून लपायची सवय नाही. भारतात रानमांजर, वाघाटी आधीपासून आहेत, तेव्हा तो हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही. इटलीने १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्याने उलट वाट धरली: मोकळ्या मांजरांच्या टोळ्यांना त्यांच्या जागी राहण्याची मुभा, सरकारी पशुवैद्यकाने त्यांची नसबंदी करून पुन्हा तिथेच सोडायचं. रोमच्या तोर्रे अर्जेंतीना चौकातल्या प्राचीन अवशेषांत अशी मांजरं पर्यटक पाहायला जातात.

नसबंदीचा मुद्दा इथे आला, आणि जखमी मांजराच्या लेखात तो कशाला, असं कुणी विचारेल. गल्लीत दिसणाऱ्या जखमांपैकी कितीतरी त्यातूनच येतात. बोक्यांची मारामारी, त्यातून गळवं. माजावरच्या मांजरीमागे महामार्ग ओलांडणं. वर्षाला दोन-तीन वेतं होऊन खंगलेली आई. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मोकाट मांजरांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पिल्लांपैकी सुमारे ७५ टक्के सहा महिन्यांच्या आतच मेली किंवा नाहीशी झाली. आपल्या गल्लीत आकडा कुणी काढलेला नाही, पण चित्र कुणालाही ओळखीचं वाटेल. खायला घालून नसबंदी न करणारा माणूस मांजरं वाढवतो, ही तक्रार म्हणूनच मला खरी वाटते. नसबंदीशिवायचं अन्नदान अर्धवट काम आहे.

महाराष्ट्रात हे काम महानगरांपुरतं आहे. मुंबई महापालिकेने २०१९ च्या सुमारास मांजरांच्या नसबंदीला हात घातला, पुण्यानेही पुढे तशी योजना आखली. केंद्राचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मुख्यतः कुत्र्यांभोवती फिरतात. नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात कुत्र्यांसाठीच पैसा निघत नाही तिथे मांजराचं लेखाशीर्ष कोण काढणार? त्यामुळे मालेगावसारख्या गावाने शहराची नक्कल करण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र जमण्याजोगी आहे. गुरांची शिबिरं पशुसंवर्धन विभाग घेतोच. त्याला जोडून वर्षातून एकदा, थंडीत, अकोल्याच्या संस्थेतले शल्यचिकित्सक आणि विद्यार्थी यांना बोलावून मांजरांचं शिबिर घेता येईल. थंडीत अशासाठी की जखम चिघळत नाही, माशा कमी असतात, आणि दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, त्याच्या आधी काम उरकतं. भूल देण्याचं औषध आणि टाके यांचा खर्च गोदामवाले आणि धाबेवाले मिळून उचलू शकतात. उंदीर कमी होण्याचा फायदा त्यांचाच आहे. पकडून आणायचं काम मात्र डॉक्टरवर टाकू नये, ते रोज खायला घालणाऱ्यांचं. एकेका गल्लीतली बहुतेक सगळी मांजरं एकाच फेरीत झाली पाहिजेत. शंभरातली वीस करून चार वर्षं वाट पाहण्यात पैसा वाया जातो, कारण उरलेल्या ऐंशींची पिल्लं ती जागा भरून काढतात.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक दिवस, मांजरीला दोन-तीन दिवस अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत ठेवावं लागतं. कागद अंथरावा, भुसा नको, टाक्यात जातो. पोटावरच्या टाक्यांना सूज, वास नसेल आणि ती खाऊ लागली असेल तर जिथून धरली तिथेच, अंधार पडल्यावर, रहदारी थांबल्यावर सोडायची. भूल दिलेली असतानाच डॉक्टर एका कानाचं टोक सरळ रेषेत छाटतात. त्यावरून नसबंदी झालेलं मांजर लांबूनही ओळखू येतं, आणि पुढच्या हिवाळ्यात सापळा लावणाऱ्याला ते पुन्हा धरावं लागत नाही.